रात्री दोनचा प्रश्न: शोक, अपराधीपणा आणि चॅटबॉट

मी समुपदेशक आहे. माझ्याकडे आलेल्या एका बाईंची परवानगी घेऊन हे लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि माझे निर्णय, चुकलेलेसुद्धा, जसे घडले तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

बाई ३८ वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या. घरी नवरा आणि १२ वर्षांचा मुलगा. वडील शेवटची तीन वर्षं त्यांच्याकडेच होते. त्यांचं हृदय कमजोर झालं होतं आणि ते दोनदा दवाखान्यात राहून आले होते. औषधांच्या वेळा, पायावरची सूज, रोज सकाळी वजन करून वहीत लिहिणं, सगळं बाईच बघत. एका रात्री बाबा म्हणाले, छातीत जळजळतंय. बाईंनी ॲसिडिटीची गोळी दिली, पाठीशी आणखी एक उशी लावली आणि "सकाळी बघू" म्हणाल्या. पहाटे साडेपाचला त्या उठल्या, तेव्हा बाबा गेलेले होते.

माझ्याकडे त्या आल्या त्यानंतर आठ महिन्यांनी. तक्रार झोपेची होती. कामावर हिशेबात चुका व्हायला लागल्या होत्या, मुलावर चिडचिड होत होती. बाबांची खोली अजून तशीच बंद होती. शोक सहा महिन्यांहून जास्त काळ तेवढ्याच तीव्रतेनं राहिला आणि रोजचं जगणं अडवू लागला, तर आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, त्याला दीर्घकाळ रेंगाळलेल्या शोकाचा विकार म्हटलं आहे. बाईंची लक्षणं त्यात बसत होती.

पहिल्या दोन भेटींत चॅटबॉटचा विषय निघाला नाही. मी विचारलंच नाही. तिसऱ्या भेटीत त्या बोलता बोलता म्हणून गेल्या, "मी त्यालाही विचारलं, तोही म्हणाला की माझी चूक नव्हती." मी विचारलं, तो कोण? त्या थोड्या ओशाळल्या आणि पर्समधला फोन काढून टेबलावर ठेवला.

अडचण नेमकी काय होती

रोज रात्री सगळे झोपले की बाई फोन उघडत. सुरुवातीला बाबांच्या आठवणी लिहीत. मग प्रश्न यायचा: त्या रात्री मी त्यांना लगेच नेलं असतं, तर ते वाचले असते का? उत्तर प्रेमळ असायचं. तुम्ही तीन वर्षं किती केलंत, त्या क्षणी तुमच्याकडे जी माहिती होती त्यावर तुम्ही निर्णय घेतलात, स्वतःला दोष देऊ नका. बाईंना बरं वाटायचं. अर्ध्या तासानं शंका परत डोकं वर काढायची आणि तोच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत टाइप व्हायचा. फोनमधल्या नोंदीप्रमाणे रात्री एक ते तीनच्या दरम्यान रोजचे सरासरी दोन तास यात जात होते.

हाच प्रश्न आधी त्यांनी नवऱ्याला विचारला होता, बहिणीला विचारला होता, दोन मैत्रिणींना विचारला होता. सगळ्यांनी समजावलं. तिसऱ्या महिन्यात नवरा म्हणाला, "अगं, किती वेळा तेच तेच?" बहीण विषय बदलायला लागली. बाईंनी घरात विचारणं बंद केलं आणि घरच्यांना वाटलं, आता सावरली.

चिंता आणि मंत्रचळ (ओसीडी) यांवर काम करणाऱ्यांना हे चक्र चांगलं ओळखीचं आहे. धीराचा शब्द मिळाला की चिंता क्षणभर उतरते. ती उतरली म्हणून पुढच्या वेळी तोच शब्द पुन्हा मागावासा वाटतो, आणि शंका सोसायची ताकद दर खेपेला थोडी कमी होते. पूर्वी या चक्राला एक आपसूक अडथळा असायचा. ऐकणारा माणूस थकायचा, वैतागायचा किंवा म्हणायचा, "तू हे डॉक्टरांशी बोल." त्या वैतागातही काहीतरी कळवलेलं असायचं. बाईंना मिळालेला कान कधी थकत नव्हता आणि रात्री दोन वाजताही जागा होता.

तरी मी त्याला खलनायक ठरवणार नाही. घरात कुणाशी बोलायची सोय उरली नाही, त्यानंतरच्या पहिल्या सहा-सात आठवड्यांत त्या संभाषणांनी बाईंना तगवलं. समुपदेशकाकडे जा, असंही त्यानंच चार वेळा सुचवलं होतं, आणि चौथ्यांदा त्या खरंच आल्या.

पहिला निर्णय, आणि तो का फसला

सर्वांत आधी मी आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं. फक्त मला काय सांगितलं एवढं न विचारता, चॅटबॉटला असं काही लिहिलंय का, हेही विचारलं. हा प्रश्न आता टाळण्यासारखा राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःच आकडे दिले, की एका आठवड्यात चॅटजीपीटी वापरणाऱ्यांपैकी सुमारे ०.१५ टक्के लोकांच्या संभाषणात आत्महत्येच्या बेताची किंवा इराद्याची स्पष्ट चिन्हं असतात. आठवड्याला ८० कोटी लोक वापरतात असं धरलं, तर ही माणसं दहा लाखांच्या वर जातात. बाईंनी तसं काही लिहिलेलं नव्हतं. "बाबांजवळ जावंसं वाटतं" हे एकदा लिहिलं होतं. त्यावर आम्ही जवळजवळ एक पूर्ण भेट दिली, आणि पुढच्या प्रत्येक भेटीत मी ते पुन्हा विचारत राहिले.

मग मी चुकले. एमआयटी मीडिया लॅब आणि ओपनएआय यांनी ९८१ जणांबरोबर चार आठवडे केलेला प्रयोग मार्च २०२५ मध्ये जाहीर झाला होता, तो माझ्या डोक्यात ताजा होता. चॅटबॉटचा रोजचा वापर जितका जास्त, तितका एकटेपणा जास्त, अवलंबून राहणं जास्त आणि माणसांत मिसळणं कमी, असं त्यात दिसलं होतं. वापर किती करायचा हे लोकांनी आपल्या मर्जीनं ठरवलं होतं. त्यामुळे वापरानं एकटेपणा वाढला की एकट्या माणसांनी जास्त वापर केला, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही. हे मला माहीत होतं, तरी मी तासांच्या मागे लागले. बाईंना म्हटलं, दोन आठवडे पूर्ण बंद ठेवू, ॲप काढून टाका.

त्यांनी माझ्यासमोर ॲप काढलं. पुढच्या भेटीत म्हणाल्या, बरं चाललंय. त्याच्या पुढच्या भेटीतही तेच. पण डोळ्यांखालची वर्तुळं वेगळंच सांगत होती. पाचव्या भेटीच्या शेवटी, दाराशी उभ्या राहून, त्यांनी सांगितलं की तिसऱ्याच रात्री त्यांनी मुलाच्या टॅबवर ते पुन्हा सुरू केलं होतं. बाथरूममध्ये बसून, दार लावून. आता बाबांच्या अपराधीपणात माझ्यापासून लपवल्याच्या अपराधीपणाची भर पडली होती.

मी त्यांच्या हातातला एकमेव आधार काढून घेतला होता आणि बदल्यात दिलं होतं आठवड्यातून एकदा ५० मिनिटं. ऑगस्ट २०२५ मध्ये चॅटजीपीटीत जीपीटी-५ हे नवं मॉडेल आलं आणि जुनं ४ओ मॉडेल एकाएकी बंद झालं, तेव्हा जिवाभावाचं माणूस गेल्यासारखं लोकांनी लिहिलं होतं. शेवटी पैसे भरणाऱ्यांसाठी ते मॉडेल काही दिवसांत परत आणावं लागलं. हे सगळं मी वाचलेलं होतं. बाईंच्या बाबतीत ते मला आठवलं नाही.

छापील पानं

सहाव्या भेटीत मी बंदी मागे घेतली आणि त्याबद्दल त्यांची माफी मागितली. मग एक विनंती केली: ते संभाषण आपण दोघी मिळून वाचू शकतो का? पूर्ण नको, तुम्हाला योग्य वाटेल तेवढंच. त्यांनी आठवडाभर विचार केला. पुढच्या वेळी त्या कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या. रात्री टॅबवर वाचलं की मी परत विचारायला लागते, म्हणून छापून आणलं, म्हणाल्या.

त्यांनी स्वतःच पेन घेतलं आणि तो एक प्रश्न जिथे जिथे आला होता, तिथे समासात खूण करायला लागल्या. पहिल्या ३० पानांत ४७ खुणा झाल्या. शब्द दर वेळी निराळे. "मी उशीर केला का?" "एखादी शहाणी मुलगी असती तर तिनं काय केलं असतं?" "खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको सांगूस." या शेवटच्या प्रश्नावरही उत्तर होतं: खरं सांगायचं तर, तुमची चूक नव्हती.

हे मऊपण कुठून येतं, ते मी त्यांना थोडक्यात सांगितलं. माणसांना कोणतं उत्तर आवडलं याच्या पसंतीवरून या प्रणाली घडवल्या जातात, आणि दुःखातल्या माणसाला दिलासा देणारं उत्तर आवडतं. कधी हे एवढं वाढतं की बनवणाऱ्यांनाच खटकतं. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयनं आपला एक बदल फार होयबा झाला म्हणून काही दिवसांतच मागे घेतला होता. बाई ऐकत होत्या, पण नजर कागदावर होती. त्या एका गोष्टीवर अडल्या होत्या आणि मला ती अजून माहीत नव्हती.

सगळ्यात वरचं पान त्यांनी उलटं ठेवलं होतं. जाण्याआधी त्यांनी ते सरळ केलं. ॲप प्रत्येक संभाषणाला आपोआप नाव देतं. या संभाषणाचं नाव होतं "छातीतील जळजळ". तारीख त्याच रात्रीची, वेळ दोन वाजून दहा मिनिटं. पहिला संदेश बाईंचा: वय ७४, हृदयाचा त्रास आहे, छातीत जळजळतंय, काय देऊ? उत्तरात पित्ताबद्दल दोन परिच्छेद होते. शेवटी एक ओळ होती, की हृदयाचा त्रास असलेल्या व्यक्तीला हे झटक्याचं लक्षणही असू शकतं, तातडीनं वैद्यकीय मदत घ्या.

"मी शेवटपर्यंत वाचलंच नाही," त्या म्हणाल्या. "गोळीचं नाव दिसलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी वाचलं." हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आणि त्याच संभाषणात, त्याच ओळीच्या खाली, महिनोन्महिने त्या विचारत होत्या की माझी चूक होती का. संभाषण इतकं लांबलं की सुरुवातीचा भाग या प्रणालींच्या आवाक्याबाहेर जातो, आणि नव्या उत्तरावर त्याचा परिणाम होत नाही. बाईंना हे तांत्रिक कारण ठाऊक नव्हतं. त्यांनी ते त्यांच्या शब्दांत सांगितलं: "तो विसरला. मी नाही विसरले. म्हणून त्याचं पटत नव्हतं."

त्या पानांमध्ये आणखी एक गोष्ट होती, जी मला दोन दिवसांनी, टिपणं लिहिताना दिसली. बाबांची ती शेवटची रात्र त्यात कुठेच सांगितलेली नव्हती. प्रश्न होते, पश्चात्ताप होता, लहानपणच्या आठवणी होत्या. खोलीत दिवा होता की नव्हता, बाबा आणखी काय म्हणाले, पहाटे दार उघडल्यावर काय दिसलं, यातलं काहीच नव्हतं. प्रश्न विचारला की लगेच दिलासा यायचा, आणि त्या रात्रीच्या उंबरठ्यावरून बाई परत फिरायच्या.

पुढचे पर्याय

माझ्या पर्यवेक्षकांबरोबर बसून मी पर्याय मांडले.

चॅटबॉटलाच सूचना देऊन ठेवायची, की चूक होती का असं मी विचारलं तर दिलासा देऊ नकोस, मला कसं वाटतंय ते विचार. हे आम्ही एक आठवडा करून पाहिलं. तीन रात्री जमलं. चौथ्या रात्री बाईंनी प्रश्न असा फिरवला की तो सूचनेच्या कक्षेतच आला नाही, आणि जुनं उत्तर परत मिळालं. पहारा ज्याच्यावर सोपवला, त्याचा ओढा मुळात होकार देण्याकडे होता.

वापराकडे लक्षच द्यायचं नाही आणि फक्त शोकावर काम करायचं, असंही सुचवलं गेलं. मला ते पटलं नाही. दिवसा आम्ही जे उघडणार, ते रात्री दोन वाजता परत झाकलं जाणार होतं.

तिसरा पर्याय: वापर बंद न करता प्रश्न आणि फोन यांच्यामध्ये वेळ घालायचा, आणि त्याच काळात ती रात्र माझ्यासमोर सांगायची. रेंगाळलेल्या शोकासाठी कॅथरीन शिअर यांनी बांधलेल्या उपचारपद्धतीत हे सांगणं केंद्रस्थानी असतं. माणूस डोळे मिटून मृत्यूची वेळ वर्तमानकाळात सांगतो, ते ध्वनिमुद्रित होतं आणि तो ते घरी ऐकतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत या पद्धतीनं ५१ टक्के लोकांत सुधारणा झाली, तुलनेसाठी दिलेल्या, नातेसंबंधांवर भर देणाऱ्या आंतरव्यक्ती उपचारात २८ टक्के. ही पद्धत साधारण १६ भेटींची असते. मी तिचं प्रशिक्षण घेतलेलं होतं, आणि बाई तयार होत्या. आम्ही हा मार्ग धरला.

काय केलं

प्रश्न मनात आला की बाई आधी वहीत वेळ लिहीत आणि दहा मिनिटं थांबत. ही बाबांच्या वजनाचीच वही होती, मागची पानं कोरी होती. वही त्यांनी स्वतः निवडली, मी विचारलं नाही का. दहा मिनिटांनंतर विचारायची मुभा होती. दहाची पंधरा झाली, पंधराची तीस. लाट चढते, थांबते आणि उत्तर न मिळताही उतरते, हे त्यांनी पहिल्यांदा अनुभवलं ते तेविसाव्या रात्री. वहीत लिहिलं होतं: "२.२० ला आला. २.५५ ला गेला. विचारलं नाही."

नवऱ्याला बोलवायचं की नाही, यावर माझं मन दोन्हीकडे होतं. ॲपचं आणि त्या न वाचलेल्या ओळीचं त्यांना सांगायचं की नाही, हा निर्णय पूर्णपणे बाईंचा होता. त्यांनी सांगायचं ठरवलं. नवरा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला वाटलं तू विचारायचं थांबलीस म्हणजे बरी झालीस." त्यांना मी एकच गोष्ट शिकवली. तिनं विचारलं तर "नाही गं, तुझी चूक नाही" हे लगेच म्हणायचं नाही. "आज बाबांची फार आठवण येतेय का?" असं विचारायचं आणि बसून राहायचं. पहिल्या वेळी त्यांना ते फार जड गेलं. धीर न देणं म्हणजे निष्ठुरपणा, असं त्यांना वाटत होतं.

वैद्यकीय प्रश्नाचं काय करायचं, हा सर्वांत अवघड निर्णय होता. मी "चूक होती" किंवा "नव्हती" यातलं काहीच म्हणायचं नाही असं ठरवलं होतं, कारण ते सांगायचा मला अधिकार नव्हता आणि माझा दिलासा म्हणजे त्या ४७ मध्ये अठ्ठेचाळिसावा. पण प्रश्न खरा होता. बाबांवर उपचार केलेल्या डॉक्टरांना तो एकदाच, समोर बसून, त्या न वाचलेल्या ओळीसकट विचारायचा, असं आम्ही ठरवलं. डॉक्टरांनी बाबांचे जुने अहवाल काढले. म्हणाले, हृदय फार कमजोर होतं, लवकर आणलं असतं तर काय झालं असतं हे मला सांगता येत नाही. कदाचित काही तास किंवा काही दिवस मिळाले असते, कदाचित तेही नाही. आणलं असतं तर बरं झालं असतं, हेही ते म्हणाले.

पुढचे दोन आठवडे वाईट गेले. बाई माझ्यावर चिडल्या, एक भेट चुकवली. त्या काळात मी त्यांना मधल्या दिवशी फोन करत होते.

मग त्यांनी ती रात्र सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा सहा मिनिटं. चौथ्यांदा सांगताना एक नवीन गोष्ट आली. उशी लावताना बाबांनी त्यांचा हात धरून म्हटलं होतं, "तू झोप आता, दमलीस." इतक्या महिन्यांच्या टायपिंगमध्ये हे वाक्य एकदाही आलं नव्हतं.

परिणाम

एकूण २१ भेटी झाल्या. झोप साडेपाच-सहा तासांवर आली. बाबांची खोली उघडली गेली, मुलगा आता तिथे अभ्यासाला बसतो. रात्रीचा तो प्रश्न महिन्यातून एक-दोनदा येतो आणि बहुतेक वेळा वहीत लिहून सुटतो. एकदा, बाबांच्या जन्मतारखेला, त्यांनी पुन्हा दीड तास चॅटबॉटशी बोलण्यात घालवला आणि दुसऱ्या दिवशी मला आपणहून कळवलं. ॲप फोनमध्ये आहे. कामाची पत्रं लिहायला आणि मुलाच्या गणिताला त्या ते वापरतात.

अपराधीपणा पूर्ण गेलेला नाही. त्या म्हणतात, मी ती ओळ वाचायला हवी होती, हे राहणारच. मी ते खोडून काढत नाही.

"छातीतील जळजळ" हे संभाषण काढून टाकायचं का, असं त्यांनी शेवटच्या भेटींपैकी एकीत विचारलं. त्यात बाबांच्या इतक्या आठवणी लिहिलेल्या होत्या की माझ्याच्यानं "काढा" म्हणवेना. त्यांनी लहानपणच्या आठवणींची पानं निवडून ठेवली, बाकीचा गठ्ठा फाडला. ॲपमधलं मूळ संभाषण अजून आहे.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं. झोप, जेवण, दारू, तंबाखू यांची चौकशी मी सवयीनं करते, ही केली नाही. दोन आठवडे वाचले असते. बंदीचे दोन आठवडेही.

तास मोजण्याआधी, ॲप उघडण्याच्या अगदी आधीच्या मिनिटात मनात काय होतं, हे विचारायला हवं होतं. दोन तास कोणी गोष्टी लिहीत असेल आणि दहा मिनिटांत कोणी एकच प्रश्न सहा वेळा विचारत असेल. मला काळजी यातल्या दुसऱ्या माणसाची वाटायला हवी.

नवऱ्याला मी उशिरा बोलावलं. चॅटबॉटची सवय घरातल्या "किती वेळा तेच तेच" नंतर लागली, हे तिसऱ्या भेटीतच मला कळलं होतं. त्या वाक्यापाशी जाऊन काम सुरू केलं असतं, तर बाथरूमचं दार लावून बसायची वेळ कदाचित आली नसती.

डॉक्टरांच्या भेटीबद्दल मी अजून साशंक आहे. ती भेट ती रात्र सांगून झाल्यावर ठेवली असती, तर पुढचे दोन आठवडे सोपे गेले असते का? माझ्या पर्यवेक्षकांचं मत तसं आहे. बाईंचं नाही. त्या म्हणतात, आधी कुणीतरी "सांगता येत नाही" म्हणायला हवं होतं, नाहीतर मी डोळे मिटलेच नसते.

माझ्या पहिल्या भेटीच्या फॉर्मवर आता झोपेच्या प्रश्नाखाली एक ओळ आहे: रात्री झोप येत नाही तेव्हा तुम्ही कुणाशी किंवा कशाशी बोलता, आणि त्याला काय विचारता?